आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कायद्यातलं एलएलएम: नेदरलँड्सला जाऊ इच्छिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

एलएलबी झालेली किंवा शेवटच्या वर्षाला असलेली मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून या पदव्युत्तर अभ्यासक्रमाबद्दलची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. भर नेदरलँड्सवर आहे, कारण या विषयाची बरीच न्यायालयं, ग्रंथालयं आणि विद्यापीठं तिथे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत.

हा नेमका कशाचा अभ्यास? दोन कायदे एकत्र का शिकवतात?

आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे देशादेशांमधले करार, रूढी आणि त्यांवरून होणारे वाद. इथे पोलीस नाही, सक्तीने हजर करणारं न्यायालय नाही. देशाने संमती दिली तरच त्याच्यावर खटला चालतो. युरोपीय कायदा म्हणजे मुख्यतः युरोपीय संघाचा, आज 27 देशांचा कायदा. त्याचाही जन्म करारातूनच झाला, पण तो पुढे फार वेगळ्या वाटेने गेला.

ती वाट 1963 मध्ये उघडली. व्हान गेंड एन लोस या डच वाहतूक कंपनीने पश्चिम जर्मनीतून एक रसायन आणलं. त्यावरचं आयातशुल्क 3 टक्क्यांऐवजी 8 टक्के लावलं गेलं. कंपनीने थेट युरोपीय समुदायाच्या, म्हणजे आजच्या संघाच्या पूर्वरूपाच्या, कराराचा आधार घेतला. करार तर देशांमधला, मग एका कंपनीला त्यावरून दाद मागता येते का? लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने, ‘येते’ असं सांगितलं. पुढच्याच वर्षी, कोस्टा विरुद्ध एनेल या प्रकरणात, देशाच्या कायद्याशी विरोध आला तर युरोपीय कायदा वरचढ ठरेल हेही सांगितलं. आपल्या राज्यघटनेवर वाढलेल्या विद्यार्थ्याला हे पचायला थोडा वेळ लागतो, आणि लागायलाही हवा.

दोन्ही कायदे एकत्र शिकायचं कारण त्यांच्या टकरीत आहे. सुरक्षा परिषदेने एखाद्या माणसाची मालमत्ता गोठवायला सांगितली आणि त्याला स्वतःची बाजू मांडायची संधीच मिळाली नाही, तर युरोपने काय करायचं? 2008 च्या कादी निकालात लक्झेंबर्गने मूलभूत हक्कांची बाजू घेतली आणि त्या आदेशाची अंमलबजावणी करणारा युरोपीय नियम त्याच्यापुरता रद्द केला. 2018 च्या आख्मेआ निकालात युरोपीय संघातल्याच दोन देशांमधल्या गुंतवणूक करारातलं लवादाचं कलम युरोपीय कायद्यात बसत नाही, असं ठरलं. हे निकाल एकाच बाजूचा कायदा शिकून कळत नाहीत.

हेग, लक्झेंबर्ग, स्ट्रासबर्ग: कोणतं न्यायालय कुठलं?

प्रवेशाच्या अर्जातसुद्धा लोक इथे घोळ घालतात, म्हणून नीट लक्षात ठेवा.

हेगच्या पीस पॅलेसमध्ये (इमारत 1913 ची, पैसा अँड्र्यू कार्नेगी यांचा) संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय न्यायालय बसतं. त्याचे न्यायाधीश 15, मुदत 9 वर्षांची, आणि तिथे वादी-प्रतिवादी फक्त देशच असतात. त्याच इमारतीत 1899 च्या करारातून जन्मलेलं स्थायी लवाद न्यायालय आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयही हेगमध्येच, पण ती संस्था वेगळी आणि जागाही वेगळी. ते 2002 पासून व्यक्तींवर खटले चालवतं आणि भारत त्याचा सदस्य नाही.

लक्झेंबर्गला युरोपीय संघाचं न्यायालय. स्ट्रासबर्गला युरोपीय मानवी हक्क न्यायालय. हे दुसरं संघाचं नसून 46 देशांच्या युरोप परिषदेचं आहे.

आपल्याकडच्या माणसाचा या सगळ्याशी संबंध काय?

हा प्रश्न बहुधा वडील विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि त्या हंगामात बागायतदारांना मोठा फटका बसला. कुठल्या रसायनाचा किती अंश चालतो हे युरोपीय संघाच्या 2005 च्या एका नियमावलीवरून ठरतं. तिच्यात दशांश चिन्ह सरकलं की दिंडोरी-निफाडमधलं फवारणीचं वेळापत्रक बदलतं. कोकणातल्या लोकांना 2014 आठवत असेल: फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने 1 मेपासून, ऐन हंगामात, भारतीय आंब्याची आयात थांबवली होती. ती बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली. अशा निर्णयाला शास्त्रीय आधार किती लागतो, तो जागतिक व्यापार संघटनेच्या करारांत बसतो का, निर्यातदाराला दाद कुठे मागता येते, हे सगळं याच अभ्यासक्रमात शिकवलं जातं.

पुण्यातल्या आयटी कंपन्यांचंही तेच. युरोपचा विदासंरक्षण (डेटा संरक्षण) नियम, म्हणजे जीडीपीआर, 25 मे 2018 पासून लागू आहे. मोठ्या उल्लंघनाला जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या 4 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. हिंजवडीत बसून जर्मन ग्राहकाची माहिती हाताळणाऱ्या कंपनीला हा नियम करारातून तरी बांधतोच. पोलाद, ॲल्युमिनियम आणि सिमेंटवर युरोपने आणलेल्या सीमेवरच्या कार्बन आकारणीचा प्रत्यक्ष टप्पा जानेवारी 2026 पासून सुरू झाला. त्याची कागदपत्रं आता कारखान्यांपर्यंत पोहोचली आहेत आणि ती वाचून समजावणारी माणसं फार थोडी आहेत.

गुंतवणूक करारांचं उदाहरण तर मुंबईच्या वकिलांच्या चांगल्या परिचयाचं. व्होडाफोनवरच्या पूर्वलक्षी कराचा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. कंपनी 2012 मध्ये तिथे जिंकली, मग कायदाच बदलला गेला, आणि अखेर भारत-नेदरलँड्स गुंतवणूक कराराखाली नेमलेल्या लवादाने 2020 मध्ये भारताविरुद्ध निर्णय दिला. त्याच्याही आधी, गुहागरजवळच्या दाभोळ वीज प्रकल्पातून परदेशी गुंतवणूकदारांनी अशाच करारांखाली भारताविरुद्ध लवाद सुरू केले होते. ते पुढे तडजोडीने मिटले.

कुलभूषण जाधव खटला तिथे शिकवतात का?

शिकवण्यासारखा तर आहेच, आणि आपण तो नीट वाचून जावं. सांगलीत जन्मलेल्या, मुंबईत कुटुंब असलेल्या या माजी नौदल अधिकाऱ्यासाठी भारताने 8 मे 2017 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला आणि दहा दिवसांत पाकिस्तानने सुनावलेल्या फाशीला अंतरिम स्थगिती मिळाली. बाजू मांडली नागपूरच्या हरीश साळवे यांनी. अंतिम निकाल 17 जुलै 2019 चा, बहुतेक मुद्द्यांवर 15 विरुद्ध 1 असा (सोळावे न्यायाधीश पाकिस्तानने या खटल्यापुरते नेमलेले).

वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘भारताचा विजय’ अशी बातमी दिली. निकालपत्र वाचलं की त्या विजयाच्या मर्यादा दिसतात. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 खाली जाधवांना भारतीय वकिलातीशी संपर्काचा हक्क होता आणि पाकिस्तानने तो मोडला, हे न्यायालयाने मान्य केलं. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, असंही सांगितलं. पण शिक्षा रद्द करा, माणूस सोडा, ही भारताची मागणी मान्य झाली नाही. आणि खटला तिथे चालला तोच मुळी दोन्ही देशांनी त्या कराराला जोडलेला एक पूरक करार स्वीकारला होता म्हणून. तो स्वीकारलेला नसता तर दारच उघडलं नसतं. 1999 मध्ये भारताने पाडलेल्या विमानाबद्दल पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा अधिकारक्षेत्र नाही म्हणून 2000 मध्ये तो खटला बाहेरूनच परतला. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचलीत तर पहिल्या सत्रातला अर्धा विषय कळेल.

मी गोव्याची आहे. पोर्तुगीज नागरी कायदा शिकले आहे, त्याचा काही उपयोग?

खूप. उरलेल्या भारतातला विद्यार्थी इंग्रजी वळणाचा कायदा शिकतो आणि युरोपात गेल्यावर संहितेवर चालणाऱ्या कायद्याशी त्याची पहिल्यांदा गाठ पडते. तुम्ही 1867 च्या पोर्तुगीज संहितेतले वारसाहक्क आणि दांपत्याच्या सामाईक मालमत्तेचे नियम आधीच अभ्यासलेले असतात. सप्टेंबर 2019 मध्ये जुझे पावलू कुतिन्यु प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची भारतात कुठेही असलेली मालमत्ता वारसाहक्काच्या बाबतीत याच कायद्याखाली येते. कुठल्या नात्याला कुठला कायदा लागू, हा खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याचा मूळ प्रश्न इथे एका देशाच्या आतच उभा राहिला आहे. प्रबंधासाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही.

पोर्तुगीज पासपोर्टबद्दलही गोव्यातून विचारणा होते. तो असेल तर नेदरलँड्समधलं शुल्क युरोपीय नागरिकांचं लागतं, म्हणजे वर्षाला अडीच हजार युरोंच्या आसपास, आणि युरोपीय संस्थांतल्या नोकऱ्याही खुल्या होतात. पण त्याबरोबर भारतीय नागरिकत्व जातं. केवळ शुल्क वाचवण्यासाठी हा निर्णय घेऊ नका.

आणखी एक. पोर्तुगाल विरुद्ध भारत हा खटला गोव्याच्या प्रत्येक कायदा विद्यार्थ्याने वाचायलाच हवा. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगालच्या ताब्यातली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसं उतरली होती. पोर्तुगालने 19 डिसेंबर 1955 ला हेगच्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र स्वीकारलं आणि तिसऱ्याच दिवशी, तिकडे जायची वाट अडवल्याबद्दल, भारतावर खटला भरला! 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य आणि शस्त्रांसाठी नव्हता, आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही.

कोणतं विद्यापीठ निवडावं?

आधी विषय ठरवा. क्रमवारीचा तक्ता घेऊन बसलात तर चुकीच्या गावी जाल.

सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा, युद्धकायदा, फौजदारी न्यायालयांचं काम यात रस असेल तर लायडन. विद्यापीठ 1575 चं, ह्यूगो ग्रोशियस अकराव्या वर्षी तिथे दाखल झाला होता, आणि हेग रेल्वेने पंधरा मिनिटांवर आहे. सुनावणी असेल त्या दिवशी तुम्ही प्रेक्षकांत बसू शकता. ॲमस्टरडॅमला आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कायदा एकाच छत्राखाली शिकवतात. मास्त्रिख्त युरोपीय कायद्यासाठी उत्तम, गाव छोटं आणि त्यामानाने स्वस्त.

नेदरलँड्सबाहेर बघायचं असेल तर ब्रुसेल्स आणि लूव्हन, जर्मनीतल्या सारब्रुकनची 1951 पासूनची युरोपा-इन्स्टिट्यूट, मानवी हक्क आणि मानवतावादी कायद्यासाठी जिनिव्हा. ब्रूजचं कॉलेज ऑफ युरोप 1949 चं आणि नावाजलेलं, पण तिथे फ्रेंच लागतं आणि तयारी मुख्यतः युरोपीय संस्थांमधल्या कामाची होते. भारतीय पासपोर्टवर त्या तयारीचा उपयोग कमी, हे आधीच ओळखून जा.

माझे 58 टक्के आहेत. आणि एलएलबीचे पेपर मी मराठीत लिहिले आहेत. संधी आहे का?

आहे. आपल्या विद्यापीठांत लॉच्या पेपरांना किती हात आखडता घेऊन गुण देतात हे डच समितीला आपोआप कळणार नाही, ते तुम्ही कळवायचं. ट्रान्सक्रिप्टबरोबर विद्यापीठाची श्रेणीपद्धत जोडा. वर्गात वरचा क्रमांक असेल तर प्राचार्यांचं तसं पत्र घ्या. परीक्षा भवनातून ट्रान्सक्रिप्ट मिळायला लागणारा वेळ धरून किमान तीन महिने आधी अर्ज टाका.

मराठी माध्यमाची लाज बाळगायचं काही कारण नाही. आयईएलटीएसमध्ये बहुतेक ठिकाणी एकूण 6.5 ते 7 लागतात, काही ठिकाणी लेखनाला वेगळी अट असते. लेखनाचा सराव कोचिंगच्या निबंधांवर करू नका. रोज एका निकालाचा सारांश इंग्रजीत दोनशे शब्दांत लिहा. सहा महिन्यांत फरक दिसतो आणि पुढे वर्षभर तेच कौशल्य कामाला येतं.

तीन वर्षांची एलएलबी आणि पाच वर्षांची एकत्रित पदवी, दोन्ही चालतात.

उद्देशपत्रात काय लिहू?

‘लहानपणापासून न्यायाची ओढ होती’ हे वाक्य खोडा. विद्यापीठाच्या थोरवीचा परिच्छेदही खोडा, त्यांना ती माहीत आहे.

एक प्रश्न लिहा, जो तुम्हाला खरोखर सतावतो. उदाहरणार्थ, तुम्ही कौटुंबिक न्यायालयात एखाद्या वरिष्ठांकडे काम करता आणि परदेशातून मूल घेऊन परतलेल्या आईचं प्रकरण पाहिलंत. मुलांच्या अपहरणाबाबतच्या 1980 च्या हेग करारात भारत नाही. मग आपली न्यायालयं परदेशी ताबा-आदेशाकडे कसं बघतात? इथून सुरुवात करा, त्या प्रश्नासाठी या अभ्यासक्रमातला कोणता विषय हवा ते सांगा आणि थांबा. जेसप किंवा व्हिएन्नाच्या व्हिस मूटमध्ये, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत, भाग घेतला असेल तर तुम्ही कोणता मुद्दा मांडलात ते लिहा, नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. शिफारसपत्र मोठ्या नावाच्या न्यायमूर्तींपेक्षा तुमचं लिखाण वाचलेल्या प्राध्यापकांकडून घ्या.

खर्च किती? शिष्यवृत्ती मिळते का?

युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला डच एलएलएमचं वर्षाचं शुल्क साधारण 18 ते 25 हजार युरो. राहणं-खाणं महिन्याला हजार ते दीड हजार. म्हणजे वर्ष संपेपर्यंत आकडा तीस-चाळीस लाख रुपयांत जातो. हे कर्ज काढून करायचं असेल तर घरी स्पष्ट बोला, कारण पुढच्या उत्तरांत दिसेल तसं, नोकरीची हमी इथे नाही. जर्मनीत सरकारी विद्यापीठांचं शुल्क बरंच कमी असतं, मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो बंद खात्यात दाखवावे लागतात.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, कारभार पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतो. इतर प्रवर्गांसाठी वेगवेगळ्या विभागांच्या तशाच योजना आहेत. यांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट असते, म्हणून विद्यापीठाला अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात वाचा. चांगल्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळूनही विद्यापीठ यादीत नाही म्हणून पैसे न मिळालेली मुलं पाहिली की वाईट वाटतं. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि 1892 पासून चालू असलेली मुंबईची जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती हेही पर्याय आहेत. लायडन आणि ॲमस्टरडॅमच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांची मुदत प्रवेशाच्या मुदतीआधी, बहुधा हिवाळ्यातच संपते.

कागदपत्रांवर अपॉस्टिल लागतं का?

मागतील तिथे लागतं. राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. हा शिक्काही हेगच्याच 1961 च्या करारातून आलेला, भारतात 2005 पासून लागू.

वर्ष कसं जातं?

एका वर्षाचे 60 श्रेयांक, प्रत्येकी 25 ते 30 तासांचं काम. म्हणजे दीड हजार तासांच्या वर अभ्यास, आणि त्यात वर्गात बसण्याचा वाटा थोडाच. वाचून न जाता वर्गात बसणं म्हणजे पोहता न येता विहिरीत उतरणं. प्राध्यापक नावाने हाक मारायला सांगतात, मधेच अडवून तुमचं मत विचारतात, आणि ‘न्यायालयाने असं म्हटलं’ एवढ्यावर थांबत नाहीत. न्यायालय चुकलं का, असं विचारतात. आपल्याकडे ही सवय लावली जात नाही, त्यामुळे पहिले दोन महिने गप्प बसण्यात जातात. ते जाऊ देऊ नका. अर्धवट वाटलं तरी बोला.

गुण दहापैकी. सहाला पास, सात चांगले, आठ म्हणजे फारच छान. नऊ क्वचित कुणाला मिळतात. साडेसात मिळाले म्हणून रडत घरी फोन करू नका.

दुसऱ्याच्या लिखाणातून उचलेगिरी ही तिथे गंभीर बाब आहे. संदर्भ द्यायची पद्धत पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या.

शिकता शिकता काम करता येतं का?

आठवड्याला 16 तास, किंवा फक्त जून ते ऑगस्ट पूर्णवेळ. त्यासाठी मालकाने परवाना काढावा लागतो. या कमाईवर शुल्काचा हिशोब बांधू नका.

तिथे वकिली करता येईल?

नाही. एलएलएमने डच सनद मिळत नाही, त्यासाठी डच कायद्याची पदवी आणि डच भाषा लागते.

मग हेगच्या न्यायालयांत नोकरी?

इथे खरं सांगणं माझं काम आहे. जागा मोजक्या, अर्ज जगभरातून. फौजदारी न्यायालयातली उमेदवारी बरेचदा बिनपगारी असते, आणि भारत सदस्य नसल्याने नेमणुकीत आपला क्रमांक मागे राहतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या न्यायाधीशांच्या मदतनिसांसाठी विद्यापीठं नावं सुचवतात, म्हणजे तुमचं विद्यापीठ त्या यादीत असावं लागतं. युरोपीय संघाच्या कायम नोकऱ्या जवळपास पूर्णपणे सदस्य देशांच्या नागरिकांसाठी आहेत.

शक्यता जास्त आहे ती लवादाचं काम करणाऱ्या कायदा कंपन्यांत, विदासंरक्षण आणि निर्बंध-अनुपालनाच्या विभागांत, स्वयंसेवी संस्थांत. पदवीनंतर नेदरलँड्स नोकरी शोधायला एक वर्ष देतं, जर्मनी 18 महिने. ते वर्ष संपायच्या आत काही न जमल्यास परत येणं हे अपयश नाही.

परत आल्यावर काय?

तुमची भारतीय सनद एलएलबी आणि बार परीक्षेवर उभी असते, परदेशी पदवीने ती वाढत नाही, घटत नाही. मुंबईत 2016 पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे, फोर्टमधल्या कार्यालयांना गुंतवणूक आणि व्यापाराच्या कामासाठी माणसं लागतात. माझ्या मते याहून मोठी गरज नाशिक, सांगली, रत्नागिरी, चाकणच्या निर्यातदारांची आहे. त्यांच्याकडे युरोपीय नियम आज एजंटांच्या व्हॉट्सॲप निरोपांतून पोहोचतात.

प्राध्यापक व्हायचं असेल तर सावध राहा. एका वर्षाच्या परदेशी एलएलएमच्या समकक्षतेबाबत बार कौन्सिलने कडक भूमिका घेतली होती आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अर्ज करण्यापूर्वीच त्या वेळचा नियम लेखी तपासून घ्या.

घर?

व्हिसापेक्षा अवघड. लायडन आणि ॲमस्टरडॅममध्ये खोल्यांची मोठी टंचाई आहे. विद्यापीठाकडून मिळणारी खोली मिळताच घ्या, महाग वाटली तरी. बाहेर शोधताना, खोली कुणी ओळखीच्याने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नका. जिथे नगरपालिकेत नाव नोंदवता येत नाही ती खोली घेऊ नका, कारण त्या नोंदणीशिवाय नागरिक क्रमांक नाही आणि त्याच्याशिवाय बँक खात्यापासून सगळं अडतं.

फ्रेंच शिकू की डच?

फ्रेंच. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या दोन भाषांपैकी ती एक आहे, आणि लक्झेंबर्गचं न्यायालय आतलं कामकाज फ्रेंचमध्ये चालवतं. पुण्या-मुंबईत अलियाँस फ्राँसेझचे वर्ग आहेत. पाच वर्षांच्या पदवीच्या चौथ्या वर्षापासून सुरू केलंत तर जायच्या वेळेपर्यंत निकाल वाचता येतील.

जाण्याआधी काय वाचावं?

पाठ्यपुस्तक विकत घेऊ नका, तिथे ग्रंथालयात मिळेल. मूळ निकाल वाचा, ते न्यायालयांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत. वर आलेले जाधव, पोर्तुगाल विरुद्ध भारत, व्हान गेंड एन लोस आणि कादी घ्या. त्यांत 1979 चा कासी द दिजों जोडा: ब्लॅककरंट या फळाच्या कमी मद्यार्काच्या फ्रेंच पेयाला जर्मनीने ‘आमच्याकडे किमान 25 टक्के लागतात’ म्हणून अडवलं, आणि त्यातून युरोपीय बाजाराचा पायाभूत नियम तयार झाला. जाधव निकालाबरोबर पाकिस्तानने नेमलेल्या तदर्थ (त्या खटल्यापुरत्या) न्यायाधीशांचं भिन्नमतही वाचा. ते आपल्या बाजूचं नाही, म्हणूनच आधी ते वाचा, आणि त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला तुमचं उत्तर वहीत लिहून काढा.